बाळ-बाळंतीण : एका जोडशब्दाची ताटातूट आणि पुनर्भेट

जानेवारी २०२० मध्ये एका मोठ्या वैद्यकीय चाचणीत नव्या बाळांची नोंदणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतील पाच रुग्णालयांत ही चाचणी दोन वर्षांहून अधिक काळ चालू होती. समन्वय जागतिक आरोग्य संघटनेचा होता आणि भारतातील केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. स्वतंत्र देखरेख समितीने मधले आकडे तपासले, तेव्हा एका गटातील बाळे दुसऱ्या गटातील बाळांपेक्षा इतक्या स्पष्टपणे अधिक जगत होती, की दुसऱ्या गटाला तो उपचार नाकारत राहणे नैतिकदृष्ट्या अशक्य झाले.

या उपचारात नवे औषध नव्हते आणि नवे यंत्रही नव्हते. कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे आणि त्यासाठी आईची खाट थेट नवजात अतिदक्षता विभागात आणायची, एवढाच तो बदल होता.

इतकी साधी गोष्ट सिद्ध व्हायला एकविसावे शतक का उजाडावे लागले? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. मराठीत आपण 'बाळ-बाळंतीण' म्हणतो, हिंदीत 'जच्चा-बच्चा' म्हणतात. दोन्ही भाषांनी प्रसूतीनंतरच्या दोन जिवांना एका जोडशब्दात बांधून ठेवले आहे. आधुनिक रुग्णालयाने हा शब्द मधोमध तोडला. आई प्रसूतिपश्चात कक्षात गेली, बाळ बालरोग विभागात गेले, आणि दोघांचे डॉक्टर, परिचारिका, नोंदवह्या, भेटीच्या वेळा सारे वेगळे झाले. ही ताटातूट कशी झाली, तिला कोणती कारणे होती आणि ती चुकीची आहे हे कशामुळे कळले, याची ही हकिकत आहे.

जुनी खोली

आरंभ जुन्या बाळंतिणीच्या खोलीपासून करायला हवा. देशाच्या बहुतेक भागांत प्रसूतीनंतरचा ठरावीक काळ वेगळा राखलेला असे. कुठे दहा-बारा दिवस, कुठे सव्वा महिना. सोयर, शेक-शेगडी, धुरी, अंगाला तेल, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाहेरच्यांना मज्जाव, असा त्याचा थाट. या व्यवस्थेमागे शुद्धाशुद्धतेच्या कल्पना होत्या आणि त्या स्त्रीला कमी लेखणाऱ्याही होत्या. तरीही तिच्यामुळे एक गोष्ट अनायासे घडत असे. बाळ आणि आई एकाच खोलीत, एकाच अंथरुणावर राहत आणि परक्या माणसांचे जंतू त्यांच्यापासून दूर राहत. अर्थात ही विश्रांतीदेखील सर्वांच्या वाट्याला आली नाही. शेतावर, बांधकामावर राबणाऱ्या स्त्रिया काही दिवसांतच कामाला लागत आणि आजही लागतात.

याच खोलीत घातक गोष्टीही घडत. बाळाला जन्मल्याबरोबर आंघोळ घातली जाई. पहिले घट्ट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, अनेक ठिकाणी पिळून टाकला जाई. बंद खोलीत धूर कोंडे. परंपरा एकमुखी होती असेही नाही. चरकसंहितेत मध-तुपाच्या संस्कारानंतर बाळाला आईचे स्तन देण्यास सांगितले आहे, तर सुश्रुतसंहितेनुसार दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते आणि तोवर मध-तुपावर भागवायचे. म्हणजे प्राचीन ग्रंथांतही या प्रश्नावर दोन मते होती. आजचा सल्ला पहिल्या तासात स्तनपानाचा आहे आणि एक वर्षापर्यंत मध पूर्णतः वर्ज्य मानला जातो, कारण मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलांना बोट्युलिझम हा पक्षाघात घडवणारा आजार होऊ शकतो. हा आजार ओळखला गेला १९७६ मध्ये. त्यापूर्वीच्या कोणत्याही आजीला, वैद्याला वा डॉक्टरला तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आंघोळीच्या प्रश्नाचे गणित भौतिकशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला करता येईल. दीड किलो वजनाच्या बाळाचे शरीर एक अंश सेल्सियसने थंड व्हायला सुमारे पाच किलोज्यूल उष्णता गमवावी लागते. एक ग्रॅम पाणी त्वचेवरून बाष्प होऊन जाताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता नेते. म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढे, पाच ग्रॅम पाणी बाळाच्या अंगावर सुकले आणि त्यासाठीची सगळी उष्णता शरीरातून गेली, तर तापमान दोन अंशांहून अधिक उतरेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतूनही मिळते आणि बाळाचे शरीरही काही निर्माण करते, पण धोक्याचा आवाका यावरून ध्यानात यावा. शिवाय वजनाच्या प्रमाणात या बाळाचा पृष्ठभाग प्रौढ माणसाच्या सुमारे तिप्पट असतो, आणि उष्णता पृष्ठभागातूनच निसटते. आपण थंडीत कुडकुडून उष्णता निर्माण करतो. नवजात बाळाला ते नीटसे साधत नाही. त्याची भिस्त तपकिरी चरबीच्या ज्वलनावर असते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ ही चरबी फारच थोडी असते.

थोडक्यात, अशा बाळाला कोणीतरी सतत ऊब पुरवली पाहिजे. ती कोणी पुरवायची, यंत्राने की आईने, या प्रश्नाभोवती पुढची दीडशे वर्षे फिरतात.

पेटीचा जन्म

१८७८ च्या सुमारास पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि तशीच पेटी बाळांसाठी बनवून घेतली. १८८० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसच्या माटर्निते रुग्णालयात गरम पाण्याच्या साठ्यावर चालणाऱ्या या पेट्या वापरात आल्या. दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मृत्युदर तिथे ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आला. कोणत्याही मापाने हे यश मोठे होते, आणि पुढच्या त्रुटींची चर्चा करताना ते विसरणे अन्यायाचे ठरेल. आज आपण ज्याला सहजपणे 'बाळ पेटीत ठेवले आहे' असे म्हणतो, त्या पेटीने असंख्य जीव वाचवले आहेत.

तार्निएंचे शिष्य पिएर ब्यूदँ यांनी बाळांची वजने आणि तापमाने काटेकोर नोंदवली. शरीर थंड पडलेल्या अवस्थेत दाखल झालेली बाळे बहुधा दगावतात, हे त्यांच्या आकड्यांनी स्पष्ट केले. त्यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. बाळ पेटीत आणि आई दुसरीकडे अशी व्यवस्था लांबली, की आईचे दूध आटते आणि पुष्कळदा तिची बाळाविषयीची ओढही ओसरते. म्हणून आईने बाळाजवळ यावे, त्याला पाजावे असा आग्रह ब्यूदँ यांनी धरला. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे सारे आहे. पेटीच्या आद्य पुरस्कर्त्यालाच पेटीची मर्यादा दिसली होती.

जगाने त्यांची पेटी उचलली, इशारा मात्र मागे ठेवला. १८९६ च्या बर्लिन प्रदर्शनात जिवंत बाळांसह पेट्या मांडल्या गेल्या. पुढे अमेरिकेत मार्टिन कूनी यांनी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या जत्रेच्या ठिकाणी १९०३ पासून चार दशके तिकीट लावून अशी बाळे दाखवली. त्या तिकिटांच्या पैशांतून बाळांची शुश्रूषा होई आणि पालकांकडून काही घेतले जात नसे. हा प्रकार आज विचित्र वाटतो, पण त्या काळी बहुतेक रुग्णालयांत अशा बाळांसाठी कोणतीच सोय नव्हती.

काचेची भिंत

१९२२ मध्ये शिकागोमध्ये ज्युलियस हेस यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी स्वतंत्र विभाग उभारला आणि असे विभाग पुढे सर्वत्र पसरले. प्रतिजैविके अजून आली नव्हती. जंतुसंसर्गाची भीती खरी होती. त्यामुळे या विभागांत आईबापांना प्रवेश नसे, त्यांनी काचेतून पाहायचे. प्रतिजैविके आल्यावरही हा नियम टिकून राहिला. ज्या कारणासाठी नियम जन्मतो ते कारण सरले तरी नियम उरतो, हे विज्ञानाच्या इतिहासात पुन्हापुन्हा दिसते.

आईच्या बाबतीतले सल्लेही याच काळात असेच हलले. पाश्चात्त्य रुग्णालयांत बाळंतिणीला आठ-दहा दिवस अंथरुणातून उठू देत नसत. दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि परिचारिका कमी पडल्या, तेव्हा स्त्रियांना लवकर उठवून चालवावे लागले आणि त्यांची प्रकृती त्यामुळे बिघडत नाही, उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घटतो, असे दिसून आले. टंचाईने विचारायला लावलेला प्रश्न आणि निरीक्षणाने दिलेले उत्तर, हा क्रम आपल्याला पुढेही भेटणार आहे.

बंद पेटीत नवे उपचार करणे सोपे होते, आणि ते न तपासता करणेही तितकेच सोपे होते. १९४० च्या दशकात पेटीत मुबलक ऑक्सिजन सोडण्याची रीत पडली. बाळ गुलाबी दिसे, डॉक्टर निश्चिंत होत. त्या ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्यावरील वाढत्या रक्तवाहिन्या बिघडतात, हे १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने सिद्ध केले. तोवर जगभरातील सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती. दुसरीकडे न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी पेटीतील हवेच्या तापमानाचीच चाचणी घेतली. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २८.९ अंशांच्या पेट्यांतील ६८ टक्के बाळे वाचली, तर ३१.७ अंशांच्या पेट्यांतील ८३ टक्क्यांहून अधिक. तीन अंशांहूनही कमी फरक, आणि शंभरातली पंधरा बाळे. सल्ला कितीही अधिकारवाणीने दिलेला असो, तो मोजून पाहिला पाहिजे, हा सिल्व्हरमन यांचा आयुष्यभराचा आग्रह या अनुभवांतून घडला.

आईला बाहेर ठेवण्याच्या नियमाची परीक्षा व्हायला मात्र १९७० साल उजाडले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने आयांना हात धुऊन, अंगरखा घालून विभागात येऊ दिले आणि संसर्ग वाढत नाही हे नोंदवले. ज्या भीतीवर काचेची भिंत उभी होती, ती भीती पुराव्यावर टिकली नाही.

बोगोटातील टंचाई

पुढचे पाऊल श्रीमंत देशात पडले नाही. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील माता-बाल रुग्णालयात १९७८ मध्ये एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत. संसर्ग पसरे, बाळे दगावत, काही आया बाळाला तिथेच सोडून जात. डॉ. एदगार रे यांनी स्थिरावलेली बाळे आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, उभ्या स्थितीत बांधण्यास सुरुवात केली आणि १९७९ मध्ये डॉ. एक्तोर मार्तिनेझ त्यांना येऊन मिळाले. कांगारूच्या पिशवीवरून या पद्धतीला 'कांगारू मदर केअर' हे नाव पडले.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने आईची छाती हा उत्तम उष्णतास्रोत आहे. तिचे तापमान शरीर स्वतःच काटेकोर राखते, ती वीजपुरवठ्यावर अवलंबून नसते आणि बाळाच्या पृष्ठभागाचा मोठा भाग तिच्याशी टेकल्याने तेवढ्या भागातून होणारा उष्णतेचा ऱ्हास जवळजवळ थांबतो. यंत्राला न जमणाऱ्या दोन गोष्टीही इथे घडतात. दूध हाताशी असते, आणि बाळाच्या त्वचेवर प्रथम वस्ती करतात ते आईचे जंतू, ज्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या दुधातून बाळाला मिळत असतात. रुग्णालयातील औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची वस्ती त्याआधी होणे हे कितीतरी धोक्याचे.

तरीही वैद्यकविश्वाने ही पद्धत बराच काळ 'गरिबांची पेटी' म्हणूनच पाहिली. बोगोटातच नताली शार्पाक यांच्या गटाने ७४६ बाळांची यादृच्छिक चाचणी करून १९९७ मध्ये तिची सुरक्षितता दाखवली. त्यानंतर २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शिका काढली. तिच्यात एक अट कायम होती. आधी बाळ स्थिर झाले पाहिजे, मग आई.

भारतात काय घडले

भारतातील वाट दोन दिशांनी गेली, रुग्णालयातून आणि घरातून.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या २०६ बाळांवर केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. आईच्या छातीवरच्या बाळांची वाढ चांगली झाली आणि शरीर थंड पडण्याचे प्रसंग कमी आले.

घरांतल्या बाळंतपणांचा हिशोब त्याआधीच सुरू झाला होता. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी १९९० च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरी काळजी घेण्याची पद्धत उभारली. बाळाला उबदार ठेवणे, वजन करणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून औषध देणे ही कामे त्या स्त्रिया करीत. लॅन्सेटमध्ये १९९९ साली आलेल्या आकड्यांनुसार १९९७-९८ मध्ये तुलनेसाठी निवडलेल्या गावांत नवजात मृत्युदर दर हजारी सुमारे ६० होता, तर सेवा मिळालेल्या गावांत सुमारे २५. २०११ मध्ये हीच कल्पना आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींच्या रूपाने राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली.

उत्तर प्रदेशातील शिवगढ येथील अभ्यास भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. डॉ. विश्वजीत कुमार आणि सहकाऱ्यांनी गावांचे तीन गट केले. एका गटात नेहमीचीच सेवा होती. दुसऱ्या गटात घरोघरी संवाद साधून आंघोळ पुढे ढकलणे, बाळ आईच्या अंगाशी ठेवणे, चीक पाजणे या गोष्टी पटवल्या. तिसऱ्या गटात याच संवादाला जोडून बाळाच्या अंगावर लावायची, तापमान उतरले की रंग बदलणारी द्रवस्फटिकाची टिकली दिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार दुसऱ्या गटात नवजात मृत्यू ५४ टक्क्यांनी घटले. टिकलीच्या गटातही घट जवळपास तेवढीच होती. उपकरणाने अधिक काही साधले नाही. सारा फरक आजी, सुईण आणि आई यांच्याशी झालेल्या बोलण्याने पडला होता. आणि हे बोलणे परंपरेला शत्रू मानून झाले नव्हते. लोकांच्या स्वतःच्या कल्पनांचा धागा पकडूनच ते झाले होते.

त्यानंतर हरियाणात, रुग्णालयाबाहेर, ८,४०२ कमी वजनाच्या बाळांवर कांगारू पद्धतीची चाचणी झाली. २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. पहिल्या महिन्यातील मृत्यूची जोखीम ३० टक्क्यांनी आणि सहा महिन्यांपर्यंतची २५ टक्क्यांनी कमी होती.

सफदरजंगची खोली

आता आरंभीच्या चाचणीकडे परत येता येईल. एक प्रश्न अनुत्तरित होता. सर्वांत लहान, अजून अस्थिर असलेली बाळेही आईजवळ ठेवावीत का? बहुतेक मृत्यू पहिल्या काही दिवसांत होतात, आणि नेमके तेच दिवस 'आधी स्थिर होऊ द्या' या अटीने आईपासून हिरावले होते. ही अट सावधगिरीची वाटे, म्हणून तिला पुरावा कोणी मागितला नव्हता.

सफदरजंगमध्ये डॉ. हरीश चेलानी, डॉ. सुगंधा आर्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यासाठी आधी खोली बदलावी लागली. नवजात अतिदक्षता विभागात बाळाच्या जागेशेजारी आईची खाट आली. पाहायला साधा वाटणारा हा फेरफार प्रशासनाच्या दृष्टीने अवघड होता. बाळंतिणीची तपासणी, तिचा रक्तस्राव, रक्तदाब, टाके, जेवण हे सारे आता बालरोगतज्ज्ञांच्या दालनात होणार होते. दोन विभागांना एका खोलीत काम करावे लागले. आईला शक्य नसेल त्या वेळी बाळ छातीशी धरण्यासाठी घरातल्या दुसऱ्या स्त्रीलाही प्रवेश मिळाला.

एक किलो ते १.७९९ किलो वजनाची ३,२११ बाळे या चाचणीत होती. आईजवळच्या गटात त्वचास्पर्श सुरू व्हायला मध्यमान १.३ तास लागले, दुसऱ्या गटात ५३.६ तास. अठ्ठावीस दिवसांत पहिल्या गटातील १२ टक्के बाळे दगावली, दुसऱ्या गटातील १५.७ टक्के. म्हणजे या पद्धतीने सांभाळलेल्या दर २७ बाळांमागे एक जादा बाळ वाचले. जंतुदोषाची शंका आणि शरीर थंड पडणे, दोन्ही कमी झाले. निष्कर्ष मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली. आता 'आधी स्थिर, मग आई' हा क्रम उरला नाही. जन्मानंतर शक्य तितक्या लवकर आई, असा नवा सल्ला आहे.

सतरा तास

इथे कथा संपवली तर ती फार सोयीची होईल. या चाचणीतील एक आकडा वाचताना थांबायला हवे. आईजवळच्या गटात, अतिदक्षता विभागात, त्वचास्पर्शाचा दैनिक मध्यमान होता १६.९ तास.

जिने हे सतरा तास दिले ती कालपरवा प्रसूत झालेली स्त्री आहे. तिचे गर्भाशय सुमारे एक किलोचे आहे आणि सहा आठवड्यांत ते साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत आकसायचे आहे. वार सुटलेल्या जागेची जखम भरायची आहे, कदाचित पोटावर टाके आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. तिला झोप हवी, अन्न हवे, पाण्याचा पेला हातात देणारे कोणी हवे. बाळासाठी आई हीच पेटी असेल, तर त्या पेटीची देखभाल कोण करणार? यंत्राच्या बाबतीत हा प्रश्न कोणतेही रुग्णालय विसरत नाही.

दिलासा देणारा पुरावाही आहे. हरियाणाच्या चाचणीतील आयांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा बाळ छातीशी धरणाऱ्या स्त्रियांमध्ये प्रसूतीनंतरच्या मध्यम ते तीव्र नैराश्याच्या लक्षणांची जोखीम सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळली. जवळीक बाळापुरती गुणकारी नव्हती, आईलाही तिचा लाभ झाला. पण त्या स्त्रियांकडे आरोग्यसेविका नियमित येत होत्या, घरच्यांशी बोलत होत्या, कामाचा भार वाटून घ्यायला सांगत होत्या. जवळीक आणि आधार एकत्र आले होते. त्यांतला पहिलाच भाग उचलून दुसरा सोडून दिला, तर परिणाम तोच राहील असे मानायला आधार नाही.

शेवटचा आकडा साऱ्या देशाचा. २००५-०६ मध्ये भारतातील ३८.७ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होत. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ७८.९ आणि २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के झाले. हे मोठे यश आहे. पण पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बाळांचे प्रमाण शेवटच्या दोन फेऱ्यांत ४१.६ वरून ४१.८ टक्के झाले, म्हणजे जागचे हललेच नाही. बाळंतपण घरातून रुग्णालयात आले, तरी बाळ आईपर्यंत वेळेवर पोहोचले नाही. जुन्या खोलीत अंधश्रद्धेने अडवलेला तो तास आता अनेकदा व्यवस्था अडवते. आईला शस्त्रक्रियागृहातून हलवायला वेळ लागतो, बाळ तपासणीला नेलेले असते, कक्षात माणसे कमी असतात.

सल्ले बदलतात म्हणून अनेक जण वैद्यकावर रागावतात. आजी एक सांगते, डॉक्टर दुसरे, आणि दहा वर्षांनी तिसरेच कोणी तिसरे सांगते. या इतिहासाकडे पाहता मला वाटते, की बदलणे हा दोष नाही. दोष राहतो तो न मोजलेल्या सल्ल्यात, मग तो शेगडीजवळच्या आजीचा असो, मुबलक ऑक्सिजन सोडणाऱ्या तज्ज्ञाचा असो, की 'आधी स्थिर होऊ द्या' म्हणणाऱ्या मार्गदर्शिकेचा. बाळाच्या बाबतीत आपण मोजायला शिकलो. वजन, तापमान, श्वास, मृत्यू या साऱ्यांची नोंद होते. बाळंतिणीच्या सहा आठवड्यांचे मोजमाप अजून फारच तोकडे आहे. ती किती झोपली, किती जेवली, किती दिवसांनी कामाला लागली, तिच्या मनाची स्थिती काय होती, हे क्वचितच कोणी लिहून ठेवते. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण शेतमजुरी, बांधकाम, घरकाम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांपर्यंत ती पोहोचत नाही.

सफदरजंगमध्ये एक खाट बाळाशेजारी आणली गेली आणि बाळे वाचली. त्या खाटेवरच्या स्त्रीचीही तितक्याच काळजीने नोंद होऊ लागेल, त्या दिवशी 'बाळ-बाळंतीण' हा जोडशब्द विज्ञानाच्या भाषेतही पुरा होईल.